हाताने बदलू नये

खर्ड्यात मनकर्णाला कुणी विचारलं, तू नेमकं करतेस काय, तर 'कॉम्प्युटरचं' एवढं सांगून ती मोकळी होते. ती एका मुक्त डेटाबेस प्रकल्पात आहे. जगभरचे लोक मिळून तो लिहितात आणि दूधसंघापासून दवाखान्यापर्यंत कुणीही तो फुकट वापरतं. मनकर्णाने त्यांना एक स्क्रिप्ट करून दिली. डेटाबेसने द्यायचे सगळे संदेश एका यादीत लिहायचे, मग त्या यादीवरून स्क्रिप्ट प्रोग्रामचा कोडही तयार करते आणि माहितीपुस्तिकेचं पानही. तयार होणाऱ्या प्रत्येक फाईलच्या डोक्यावर तिने ओळ घातली होती, 'ही फाईल हाताने बदलू नये, यादी बदलावी.' यावरून तिने भल्याभल्यांना झापलं होतं. शिस्तीची भारी हौस बाईंना.

त्या गुरुवारी दुपारी चारला नवी आवृत्ती निघायची होती. संध्याकाळी मनकर्णाला प्रकल्पाची किल्ली द्यायची की नाही, हेही ठरणार होतं. किल्ली म्हणजे इतरांचं काम आत घेण्याचा अधिकार, आणि त्यासाठी ती सहा वर्षं राबली होती. वीज सकाळीच गेली होती, लॅपटॉपमध्ये तासाभराची धुगधुगी होती.

अडीचला पुण्याहून ओमचा निरोप आला. आवृत्ती काढण्याची जबाबदारी त्याची. एक संदेश उलटा झाला होता. डिस्क भरल्यावर 'नोंद साठवली आहे, पुन्हा पाठवू नका' असं येत होतं, आणि प्रत्यक्षात नोंद साठवलेलीच नसायची. दवाखान्यातल्या कुणी त्यावर भरवसा ठेवला तर पेशंटचा रिपोर्ट गेला म्हणायचा. गेल्या आठवड्यापर्यंत हे वाक्य बरोबर होतं, असं ओमने कळवलं होतं. यादीला शेवटचा हात राजनंदिनीचा, तेव्हा साडेतीनपर्यंत खुलासा आला नाही तर तिचं सगळं काम काढून टाकतो.

राजनंदिनी संगमनेरच्या कॉलेजात शिकवायची, नऊ वर्षं घरात अडकल्यावर पुन्हा उभी राहिली होती. तिला प्रकल्पात मनकर्णानेच ओढलं होतं. सहा महिने खपून तिने चाळीस संदेश सोपे करून लिहिले होते. तिचा फोन आला तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता. "ताई, त्या ओळीला मी हात लावला नाही. पण लावलाही असेल, मला आता काहीच सांगता येत नाही."

राजनंदिनीने लावला नव्हता, मनकर्णाला आता आठवलं. यादीतली ती चूक मनकर्णाचीच, जुनी. एप्रिलमध्ये आईला डोळे दाखवायला जामखेडला नेलं असताना रांगेतच ती तिच्या लक्षात आली. मोबाईलवर स्क्रिप्ट चालेना, म्हणून तिने तयार फाईलीच हाताने दुरुस्त केल्या. यादी घरी जाऊन बघू म्हणाली आणि विसरली. राजनंदिनीने नियमाप्रमाणे स्क्रिप्ट चालवली, तेव्हा यादीतलं चुकीचं वाक्य परत आलं. आता तिचं काम काढलं की दुरुस्त फाईली जागेवर येणार, चूक गेल्यासारखी दिसणार. जुना इतिहास घाईत कोण चाळतो? मनकर्णाने नुसतं गप्प बसायचं होतं.

पाऊण तास ती गप्प बसली. हे सांगायलाच हवं.

आई, लंकाबाई, उंबऱ्यात शेंगा फोडत होती. वीस हंगाम ऊस तोडलेली बाई. लेकीचा चेहरा बघून तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा मनकर्णाने जमेल तसं सांगितलं. आईला फाईल कळली नाही, बाकी सगळं कळलं.

"ऊस वरून तोडून बुडखं उंच ठिवलं तू," ती म्हणाली. "आन् मुकादम दुसरीच्या सरीत जाऊन वरडतोय. आमी असं केलं न्हाई कधी. माघारी जाऊन आपलं बुडखं आपुन छाटायचं."

साडेतीनला दहा मिनिटं होती. मनकर्णाने ओमला थांब म्हणून कळवलं आणि कबुली लिहायला घेतली. पाठवण्याआधी एक तपासणी जोडली, कधीपासून पुढे ढकललेली. स्क्रिप्टकडून सगळं नव्याने तयार करायचं, फाईलींशी ताडायचं, फरक दिसला की अडवायचं. राजनंदिनीच्या कामाआधीच्या फाईलींवर तिने ती चालवून पाहिली. हाताने केलेला एक बदल सापडायला हवा होता. सापडले तीन. तिन्हींपुढे मनकर्णाचं नाव.

उरलेले दोन तिला आठवतसुद्धा नव्हते. ते कुणालाच माहीत नव्हते. बॅटरी नऊ टक्क्यांवर होती. तिने कबुलीतलं 'एक' खोडून 'तीन' केलं, यादी सुधारली आणि पाठवून दिलं.

आवृत्ती एक दिवस पुढे गेली. राजनंदिनीचं काम राहिलं. किल्ली मात्र मिळाली नाही. ओमने आभार मानले आणि वर्षभराने पाहू असं कळवलं. मनकर्णा रडली, चांगली रडली.

दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती आली. 'काय बदललं' हे पानही स्क्रिप्टच लिहिते, ज्याने त्याने कामासोबत लिहिलेल्या ओळींवरून. राजनंदिनीच्या चाळीस संदेशांखाली ओळ होती, 'मनकर्णा: मी नियम मोडून हाताने केलेले तीन बदल यादीत घेतले, दोष माझा.' एवढी एक ओळ तिथून उडवावी असं मनकर्णाला फार वाटलं. पण ते पान हाताने बदललं असतं, तर तिच्याच तपासणीने अडवलं असतं.