‘आमची माणसं’ या पानावरची एक ओळ

आमच्या संस्थेच्या वेबसाइटवर ‘आमची माणसं’ नावाचं पान आहे. ते उघडलं की आजही माझं डोकं फिरतं.

आळेफाट्याला गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर तीन खोल्यांत आमचं ऑफिस आहे. जुन्नर-आंबेगावच्या गावोगावच्या माणसांना बातमीदारी शिकवायची, त्यांनी आणलेल्या बातम्या तपासायच्या आणि वर्तमानपत्रांकडे पाठवायच्या, हे आमचं काम. मी तिथे भाषा तपासतो. वेबसाइटसाठी पुण्याहून प्रत्येकाला एक फॉर्म आला. शिक्षण, माध्यमांतला अनुभव, पुरस्कार, परदेशातलं प्रशिक्षण. त्याआधी तुम्ही आयुष्यात काय करत होता, याला त्यात जागाच नव्हती.

मी तो फॉर्म निमूटपणे भरला. एका दैनिकात मुद्रितशोधक होतो, ते लिहिलं. त्याआधी जुन्नरच्या पेठेत वडिलांच्या कापडाच्या दुकानात नऊ वर्षं गादीवर बसलो, ते लिहिलं नाही. आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं ते दुकान. समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही, हे मी तिथेच शिकलो. पण पत्रकारितेच्या संस्थेत कापडाचं दुकान कसं लिहायचं, म्हणून गाळलं. माझी मलाच लाज वाटली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसत. घाटघरच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, घरची भातशेती आणि थोडी नाचणी. संस्थेत येण्याआधी त्या अकरा वर्षं गावात आशा कार्यकर्ती होत्या. बाळंतिणींच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, नोंदवहीत लिहायचं. न केलेल्या भेटींची नोंद करायला वरून सांगितलं, म्हणून भांडून ते काम सोडलं. आमच्या एका प्रशिक्षणाला आल्या आणि राहिल्या. सुरुवातीला मला ‘शेठ’ म्हणायच्या, कारण डोंगरातली माणसं पेठेतल्या आमच्यासारख्यांना तेच म्हणत. मग ‘भाऊ’ म्हणू लागल्या. मी त्यांना ताई म्हणतो.

आमच्या संस्थेचं नाव ज्या एका बातमीमुळे झालं, ती ताईंची. डोंगरातल्या त्यांच्याच गावच्या उपकेंद्राच्या नोंदवहीची प्रत कुणाकडून तरी त्यांच्या हाती लागली. त्यांनी ती दुपारभर वाचली आणि माझ्यापुढे ठेवली.

“भाऊ, ह्या पोरांची वजनं बगा. समद्यांची दर आठवड्याला सारकीच वाढत्यात. अशी पोरं आसत्यात व्हय?”

मला त्यात काहीच वावगं दिसलं नव्हतं. मी म्हटलं, “नवी आशा टापटीप लिहीत असेल.”

“लिव्हंल की. पन वजन कशावर केलं? गावचा काटा तर माझ्या घरी हाय. स्प्रिंग तुटलेला. काम सोडलं तवा जमा कराया गेले, कुनी घेतलाच न्हाई. नवा कुनाला दिला न्हाई, मी ईचारून आले.”

पुढचे तीन आठवडे त्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरल्या. नोंदवहीतल्या एकेका बाळाच्या आईला भेटल्या. एका घरी बाळ महिन्याभरापूर्वीच गेलं होतं आणि वहीत त्याचं वजन वाढतच होतं. हे ताईंनी सांगितलं. मग पाणी प्यायल्या आणि पुढची नावं सांगू लागल्या. मी लिहून घेत होतो.

आमचे कार्यक्रम प्रमुख पुण्यातल्या एका वाहिनीतून आलेले. ते जीपने एकदा घाटघरला गेले, ताईंच्या घरी नाचणीची भाकरी खाल्ली, तुटक्या काट्याचा फोटो काढला आणि दुपारी परत आले. बातमी त्यांनी लिहिली, आणि चांगली लिहिली, ते नाकारत नाही. ती मोठ्या दैनिकात त्यांच्या नावाने छापून आली. चौकशी लागली. गावोगाव नवे काटे गेले. ताई खूश होत्या. छापलेल्या बातमीत स्वतःचं नाव त्यांनी शोधलं की नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग ते पान तयार झालं. प्रमुखांच्या फोटोशेजारी चौदा ओळी. त्यात एक ओळ अशी : ‘दुर्गम भागातील आरोग्य नोंदींचा गैरव्यवहार त्यांनी उघडकीस आणला.’ पान खाली सरकवत गेलो. माझ्या चार ओळी. अगदी तळाला, फोटोशिवाय, ताई. ‘स्थानिक संपर्क व कार्यालयीन साहाय्य.’ बस.

मी तडक प्रमुखांच्या खोलीत गेलो.

“ताईंचं हे काय लिहिलंय?”

“अहो, त्यांचा फॉर्म जवळजवळ कोराच आला. माध्यमांचा अनुभव शून्य. आम्ही काय लिहायचं?”

“अकरा वर्षं आशा होत्या, ते लिहा. त्या अनुभवामुळेच तर बातमी सापडली.”

“तो पत्रकारितेचा अनुभव नाही ना. देणगीदार हे पान बघतात. आणि त्यांनी माहिती पुरवली, स्टोरी मी केली. दोन्हींत फरक असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

माझ्या कानशिलाला आग लागली. तरी एवढंच म्हणालो, “संचालक मॅडमशी बोलतो,” आणि बाहेर आलो. बोललो मात्र नाही. दोन आठवडे रोज सकाळी ठरवायचो आणि संध्याकाळी जुन्नरची गाडी पकडायचो. राग मनात होता, धमक नव्हती.

त्या महिन्यात पुण्याहून विश्वस्त आले. संचालक मॅडमही होत्या. प्रमुख एकेकाची ओळख करून देत होते. ताईंपाशी आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, “आणि या आमच्या घाटघरच्या मावशी. आमचे कान आणि डोळे.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी तो हात खाली केला.

“मी कुनाची मावशी न्हाई. वार्ताहर हाय. काट्याची बातमी म्या काढली.”

प्रमुख म्हणाले, “हो हो, ताईंचा मोठा वाटा आहे त्यात.”

“वाटा न्हाई, सायेब. तुमी वाटेकरी. मी आकरा वर्सं त्या वह्या लिव्हल्या म्हनून मला ती खोटी हाय ते कळलं. तुमच्या पानावर त्यातलं काय लिव्हलंय, ते जरा वाचून दावा ह्यास्नी.”

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं, आपल्या बाजूचा माणूस म्हणून. त्या नजरेने मी पेटलो. उठलो, मोबाइलवर पान उघडलं आणि त्यांच्या चौदा ओळी मोठ्याने वाचल्या. मग ताईंची ती अर्धी ओळ वाचली. मग म्हणालो, “बातमीच्या टिपणांची वही माझ्या कपाटात आहे. प्रत्येक घर, प्रत्येक आई, कुठल्या दिवशी कोण भेटायला गेलं, सगळं आहे. प्रमुख एका घरी गेलेत. ताईंच्याच.”

संचालक मॅडमनी वही मागवली आणि तिथेच चाळली. जेवण झाल्यावर ताईंना आत बोलावलं. अर्ध्या तासाने ताई बाहेर आल्या.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“सुदारते म्हनल्या. नवा फोटो द्या म्हनल्या. मी म्हनलं, फोटो नगं, आदी लिव्हा.” मग म्हणाल्या, “भाऊ, तुमाला पंदरा दिवस म्हाईत व्हतं ना?”

मी मान हलवली. त्या त्यावर काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती दुरुस्ती व्हायला चार महिने गेले. कधी वेबसाइटवाला सुट्टीवर, कधी पानाच्या साच्यात ओळ बसत नाही. चार महिने! पैठणीचा काठ जुळवायलासुद्धा आमच्या दुकानात एवढा वेळ लागला नसता. शेवटी लिहिलं गेलं : ‘वार्ताहर. अकरा वर्षं आशा कार्यकर्ती. डोंगरी भागातल्या बाळांच्या वजनाच्या खोट्या नोंदी त्यांनी शोधल्या.’ मीही माझ्या ओळींत कापडाचं दुकान घालायला लावलं. प्रमुखांच्या चौदा ओळींतून मात्र ती ओळ निघाली नाही. ‘त्यांच्या नेतृत्वाखाली’ एवढे दोन शब्द वाढले.

पुढे ते दुसऱ्या मोठ्या संस्थेत गेले. तिथल्या पानावर हे दोन शब्दही नाहीत. बातमी पुन्हा पूर्णपणे त्यांची झाली आहे. मी त्या संस्थेला वहीच्या पानांचे फोटो जोडून पत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं. ताई म्हणतात, “सोडा की राव, समद्यांला म्हाईत हाय.” घाटघरपासून मढपर्यंत असेल माहीत. पुण्याला नाही.

ताई आता नव्या वार्ताहरांना शिकवतात. परवा मढच्या शाळेत अंगणवाडीच्या दोन सेविका, एक दूध डेअरीवाला आणि एक निवृत्त तलाठी असे समोर बसले होते. आपल्याला पत्रकारितेतलं काही येत नाही, असं तलाठी म्हणाले. ताईंनी त्यांच्यापुढे त्याच उपकेंद्राच्या नोंदवहीची प्रत सरकवली आणि विचारलं, “सातबारा लिव्हता तवा खोटं कुटं लिव्हत्यात, ते ठावं हाय ना? मंग सांगा.”

मी तिसरं पत्र लिहायला घेतलं आहे.