मंगलच्या कॉम्प्युटरवरचे प्रयोग

गुंजीहून रोज रेल्वेने बेळगावात येणारी मंगल तिथल्या राघवेंद्र वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करायची. अजून कायम झालेली नव्हती. नवरा गेल्यावर घर तिच्या एकटीच्या जिवावर चालत होतं. सोमवारी माझ्यासमोर कन्नड अर्ज नीट टाईप केलास तर कायम, नाहीतर दुसरीकडे बघ, असं वकिलांनी बजावलं होतं.

ऑफिसात मार्तंड नावाचा जुना कारकून होता. वकिलांचा हात आखडता, म्हणून त्याने सगळ्या कॉम्प्युटरांवर विकतच्या सिस्टिमऐवजी फुकटचं लिनक्स घातलं. तिथवर ठीक. पण आतलं सगळं तेच ठेवून पडद्यावरचा डेस्कटॉप, म्हणजे बटणांची सगळी मांडणी, हवा तसा बदलता येतो, हे कळल्यापासून त्याच्या अंगातच आलं. आज केडीई, चार दिवसांनी सिनॅमन, मग एक्सएफसीई. आणि हे प्रयोग कुणाच्या कॉम्प्युटरवर? मंगलच्या. स्वतःच्या कॉम्प्युटरला हा गृहस्थ बोट लावत नसे, कामाचा खोळंबा होतो म्हणे.

बिचारी दर वेळी बटणं नव्याने शोधायची. नवा डेस्कटॉप कसा आहे, असं त्याने विचारलं की चांगला आहे म्हणायची. त्याच्याशी वाकडं घेऊन तिथे टिकणं शक्य नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याने तिच्याकडे ग्नोम नावाचा आणखी एक डेस्कटॉप चढवला आणि चहाला गेला. इकडे वकील हाताने लिहिलेला कन्नड कागद तिच्यापुढे ठेवून तिच्या पाठीशी उभे राहिले. मराठी आणि कन्नड दोन्हींत एकाच उच्चाराच्या अक्षराची कळ तीच, फक्त आधी लिपी बदलायची. तिने नेहमीच्या दोन कळा दाबल्या. खालच्या कोपऱ्यात लिपीची खूण दिसायची, ती आज नव्हती. ग्नोममध्ये ती वर गेली होती आणि कळाही वेगळ्या होत्या. साहेब उभे असताना विचारायचं कुणाला? लिपी बदलली असेल असं धरून तिने कागदावर नजर लावली. हात असा चालला की तसा जन्मात चालला नव्हता.

मान वर केली तेव्हा अख्खा कन्नड अर्ज मराठी अक्षरांत उभा होता.

"हे कोर्टात देऊ? ह्या गावात?" वकील म्हणाले. "उद्या दारात मोर्चा येईल माझ्या."

तेवढ्यात मार्तंड आला, वाकून दोन कळा दाबल्या आणि लिपी कन्नड करून दाखवली. "कितीदा सांगायचं, सायेब? डोक्यात जातच न्हाय तिच्या."

धडधडीत खोटं. तो एका शब्दाने काही बोलला नव्हता. पुन्हा टाईप करते, असं मंगल म्हणेपर्यंत वकील उद्यापासून येऊ नकोस म्हणून आत निघून गेले.

तिने डबा पिशवीत घातला. मार्तंड तिच्या खुर्चीत बसून पडदा न्याहाळत होता.

"मंगल, खरं सांग गं. आदीचा बरा हुता का ह्यो?"

"ह्योच बरा हाय, अण्णा," मंगल सवयीने म्हणाली.