पाहणीपुरती जर्सी

राजाजीनगरच्या मैदानावर सरकारी अनुदानातून मुलांचे खो-खो शिबिर चालवणारे प्रशिक्षक बेंगळुरूतच वाढलेले मराठी गृहस्थ आहेत. कोणत्याही शंकेला ते हसून 'सरी, सरी' म्हणतात. तो होकार नसून विषय संपवण्याची रीत आहे, असे माझे निरीक्षण आहे. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्या भाचीला 'दम कमी आहे' म्हणून नाकारले. काल अधिकारी पाहणीला येताच मात्र तिला 'पुट्टी', म्हणजे छकुली, अशी हाक मारून, फ्रॉकवरून नवी जर्सी चढवून, पहिल्या रांगेत उभे केले.

"अण्णा, हिची निवड झाली का?"

"स्वल्प थांबा अक्का, आधी फोटो."

अधिकारी गेल्यावर भाचीने उजळलेल्या चेहऱ्याने विचारले, "सर, उद्या किती वाजता येऊ?"

त्यांनी तिच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला. "जर्सी काढून दे, पुट्टी."