खिशावरचे तेलाचे डाग

चेन्नईत वेलचेरीच्या एका गॅरेजमधला म्हातारा मेकॅनिक तंजावरकडचा मराठी होता. माझ्याशी जुन्या वळणाचं मराठी बोलायचा, नट अडला की मात्र तमिळमध्ये शिव्या द्यायचा. इंजिनाचं हेड जुळवताना तो प्रत्येक वाल्व्हच्या दांड्याला बोटाने तेल चोळायचा, वाल्व्ह गाईडच्या नळीत सरकवून गोल फिरवायचा आणि बोट शर्टाच्या खिशाला पुसायचा. "कोरडा बसला तर पहिल्या फेरीतच खरवडतो, सार," म्हणायचा.

अलीकडे तो काम करता करता मध्येच थांबायचा. खिशावरचे ओले डाग मोजायचा आणि मगच पुढचा वाल्व्ह उचलायचा.

त्या दुपारी माझ्या जुन्या मोटारीचं हेड जुळून झालं होतं, स्प्रिंगाही बसल्या होत्या. त्याने सवयीने खिशाकडे पाहिलं. शर्ट घामाने इतका भिजला होता की सगळे डाग एकमेकांत मिसळले होते.

"अस्क्यांना तेल घातलों की नाही, सार?"

"सगळ्यांना घातलंत की. मी इथेच बसलोय."

त्याला ते पटलं नाही. त्याने सगळ्या स्प्रिंगा पुन्हा दाबून सोडवल्या आणि एकेक वाल्व्ह ओढून उजेडात धरला. प्रत्येक दांडा तेलाने चकाकत होता.

मला हायसं वाटलं. तो मात्र पायरीवर जाऊन बसला.

"एक तरी कोरडा निघायला हवा होता, सार," तो म्हणाला. "घातलोंच नाही म्हणून आठवलं नाही, आठवण शाबूत आहे, म्हणालों असतों."