सासूबाईंच्या खुर्चीची टोपी

बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाने पेपर वाचावा, दुपारी घोरावं, कुणाच्या पायात येऊ नये. उस्तादांना ते जमेना. ते थेट सगळ्यांच्या पायातच आले. मेव्हण्याने एकदा चेष्टेने 'उस्ताद' म्हटलं आणि यांना ती पदवीच वाटली. तेव्हापासून खरं नाव मागे पडलं आणि हातात एक पत्र्याची पेटी आली. पेटीत हातोडी, आरी, मेण लावलेला दोरा, टायरच्या चकत्या आणि सोल्यूशनची ट्यूब. "जन्मभर बसची चाकं बदलली, बुटाचा तळ तो केवढासा," असं म्हणून त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या चपला-बूट ताब्यात घेतले. कोपऱ्यावरच्या मोच्याकडे जायची सर्वांना बंदी झाली.

मेव्हण्याच्या बुटाला यांनी टाच ठोकून दिली. तिचा खिळा वर आला तो नेमका एका अंत्ययात्रेत. मेव्हणा डोळ्यांत पाणी आणून लंगडत चालला. लोक म्हणाले, केवढी माया होती याची. गेलेल्या माणसाशी त्याचं बोलणंसुद्धा नव्हतं. घरी येऊन त्याने तो जोड दारातच काढून फेकला. उस्तादांनी तो उचलून पेटीत ठेवला, कधीतरी कामाला येईल म्हणून.

बायको इस्पितळात नर्स. दिवसभर उभ्याचं काम. जिन्यावरून पडून तिचा उजवा पाय मोडला होता, तो जुळला जरा आखूडच. उजवी टाच थोडी उंच घाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "मी काय लंगडी आहे?" म्हणून तिने ते कानाआड केलं. रोज कंबर धरून घरी यायची, आणि बूट फाटायचा तो दर वेळी उजवाच.

त्या दिवशी दुपारी ती आली ती डाव्या पायात बूट आणि उजव्या पायात इस्पितळातली सपात घालून.

"अहो, तळ निघाला. मोठ्या डॉक्टरांचा राउंड चालू असताना."

"निघेल कसा? मी चिकटवलाय."

"म्हणूनच निघाला. पोटाला टाके घातलेला पेशंट हसून हसून पोट धरून बसला. वर मला विचारतो, सिस्टर, हे टाके तुमच्या घरच्यांनी तर नाही ना घातले?"

खुर्चीत बसलेल्या सासूबाई, म्हणजे बायकोची आई, पदर तोंडाला लावून हलू लागल्या.

"आता शेवटचं सांगते. उद्या हा बूट वॉर्डात उघडला, तर पेटी भंगारात."

"अगं, पेटीने काय केलंय?"

"पेटीने काहीच नाही केलं. पण तुम्हाला भंगारवाला घेईल का?"

उस्ताद हबकले. पेटी गेली की उरला पेपर आणि घोरणं. त्यांनी जन्मात पहिल्यांदा काम घाई न करता केलं. जुनं सोल्यूशन खरवडलं, तळ पॉलिश पेपरने घासला, दोन्हीकडे नवं सोल्यूशन लावून ते सुकत येईपर्यंत थांबले. आतलं अस्तरही टाचेपाशी सुटलेलं दिसलं. तिथेही सढळ हाताने फासलं.

आता हवा होता दाब. दाबाला त्या घरात सासूबाईंइतकं भरवशाचं काही नव्हतं. वजन भरपूर, आणि जेवल्यावर खुर्चीतून उठायच्या नाहीत.

"आई, जरा उठता का?"

"परत? मी माणूस आहे का इस्त्री?"

उस्तादांनी खुर्चीचा एक पाय बुटात घातला, बाकी तिन्हींखाली लाकडाचे ठोकळे दिले. "आता हलू नका हं."

"मी हलते कधी, जावईबापू?"

बूट रात्रभर तसाच राहिला. काढून बघायची उस्तादांची छाती होईना. सकाळी त्यांनी खुर्ची उचलली, तर बूटही खुर्चीबरोबर वर आला. गुडघा लावून ओढला. पाय निघाला, पण पायाची रबरी टोपी बुटातच राहिली, टाचेबरोबरच जन्मल्यासारखी चिकटून. आत फासलेलं सोल्यूशन तिथे कामाला आलं होतं.

"झाला का? बस जाईल माझी," आतून आवाज आला.

उस्तादांनी चाकूने टोपीची कड कापली. बूड काही सुटेना. त्यावर मऊ चामड्याचा तुकडा दडपला आणि तोंड साधंभोळं करून बूट पुढे केला. ती घालून दारापर्यंत गेली आणि थबकली.

"आत काय आहे?"

"टोचतंय?"

"टोचत नाही. तेच विचित्र आहे," म्हणाली आणि गेली.

उस्तादांनी दिवसभरात पेटी पुसली, हातोडीला तेल लावलं, लांबच्या गावी पाठवायची असल्यासारखं.

"जावईबापू, माझी खुर्ची डुलतेय."

"वय झालं, आई."

"माझं का खुर्चीचं?"

बायको आली. दोन्ही हात मोकळे, कंबरेवर एकही नाही. उस्तादांचं लक्ष मात्र बुटाकडे.

"तळ?"

"आहे." तिने बूट काढून आत बोटं घातली. "आणि हे काय?"

"तुझ्या आईच्या खुर्चीची टोपी. निघेना. मुद्दाम नाही गं केलं."

"मुद्दाम केलेलं तुमचं कधी जमलंय?" ती खाली बसली, पाय लांब केले. मग म्हणाली, "पेटी ठेवा जागेवर. आणि घरातली माझी चपलही अशीच चढवून द्या. उजवी. कुणाकडे बोलायचं नाही."

"म्हणजे कंबर…"

"बोलायचं नाही म्हटलं ना."

"आणि मी अशीच डुलत बसू?" सासूबाई म्हणाल्या.

उस्तादांनी मेव्हण्याचा बूट पेटीतून काढला, त्याची टाच उपटली आणि खुर्चीच्या पायाला ठोकली. खुर्ची हलवून बघितली. घट्ट.

सासूबाई बसण्याआधी वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "हीच ना ती अंत्ययात्रेतली?"

"हीच."

"खिळा वर येणार नाही ना?"

"लाकडातून वर यायला त्याला जन्म जाईल, आई."

"माझा थोडाच राहिलाय," म्हणून त्या आधी एका बाजूने टेकल्या, काही टोचत नाही अशी खात्री केली, आणि मग पूर्ण वजनाने बसल्या.