जिंकता जिंकता टॉवेल टाकणारे मास्तर

श्री. हैबतराव ढोले यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती माझ्या जबड्यावर बसलेल्या ठोशाने. नगरच्या शाळेत विज्ञानशिक्षक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. मधल्या सुट्टीत मैदानाकडे पाहतो, तो शाळेचे ड्रिलमास्तर लिंबाखाली हात पाठीमागे धरून उभे, आणि एक धिप्पाड तरुण त्यांच्या तोंडावर सपासप ठोसे मारतो आहे! एकही ठोसा त्यांना लागत नव्हता, हे ध्यानात येण्याआधीच मी धावत मध्ये पडलो. पुढचा ठोसा अर्थातच मला लागला.

डोळ्यांपुढचे काजवे विझले तेव्हा मास्तर माझा चष्मा आपल्या सदऱ्याला पुसत होते.

"गुरुजी, ज्याला मारीत हुता त्याला लागत न्हवतं, आन् तुमी मधी येऊन लावून घेतलं व्हय?"

तो तरुण, पाथर्डीकडचा मारुती, शरमेने अर्धमेला झाला होता. मास्तरांनी मला आपल्या घरी नेले. सौ. पार्वतीबाईंनी आंबेहळदीचा लेप लावला आणि चावता येत नाही म्हणून मऊ भात करून वाढला. मी एकटा राहतो हे कळल्यावर त्यांनी रविवारचे जेवण आपल्याकडेच ठरवून टाकले. पुढे माझे लग्न होईपर्यंत त्यात खंड पडला नाही.

मास्तर मूळचे खर्ड्याचे, शेतकरी घरातले. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर इराकमधल्या बसऱ्याला गेले आणि तिथल्या छावणीत मुष्टियुद्ध शिकले. परत आल्यावर शाळेत ड्रिल शिकवू लागले आणि सकाळी, कधी मधल्या सुट्टीतही, त्याच लिंबाखाली गावातल्या तरुणांना ही विद्या देऊ लागले. फी नाही. जातपात विचारणे नाही. फक्त दारू पिऊन आलेल्याला ते फाटकातूनच परत पाठवीत.

आमच्या घराण्यात लेखणीखेरीज कोणी काही उचललेले नाही. तरीही जबडा बरा झाल्यावर मीही त्या लिंबाखाली उभा राहिलो. चष्मा काढला की मला समोरच्याची मूठ धूसर दिसे. मास्तर म्हणाले, "मूठ बघूच नका. ती लई पळती. खांदा बघा. मूठ निघायच्या आधी खांदा सांगतो." ठोसा चुकवणे म्हणजे मागे पळणे नव्हे, हे त्यांनी आम्हाला शिकवले. पाय जागेवर ठेवायचे, डोके कानभर बाजूला न्यायचे, म्हणजे समोरच्याचा हात खांद्यावरून निघून जातो. त्या क्षणी त्याची ती बाजू उघडी पडलेली असते. तिथेच आपला ठोसा द्यायचा. "मागं पळालास तर वाचशील, पन तुझा हात त्याला पोचनार न्हाई," असे ते मारुतीला सांगत. मला मात्र चुकवणेच साधले. उलट ठोसा माझ्या हातून कधी वेळेवर निघाला नाही, आणि मास्तरांनी त्यावरून मला कधी हिणवले नाही.

आता ज्या प्रसंगामुळे मी त्यांच्याविषयी लिहायला बसलो, तो सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. भिंगारच्या छावणीत पलटणी येत आणि आघाडीवर जात. तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी शहरातल्या तरुणांशी मुष्टियुद्धाचे सामने ठेवले. आमच्याकडून मारुती उभा राहिला. पाहुण्यांत पोलीस खात्याचे एक साहेब होते. जिंकलास तर भरतीत तुझे नाव मी पुढे करतो, असे त्यांनी मारुतीला सांगितले होते. घरी दोन बहिणी लग्नाच्या, जमीन कोरडवाहू. त्या नोकरीवर सगळे घर डोळे लावून बसले होते.

समोरचा शिपाई उत्तरेकडचा, उंच, लांब हाताचा. पहिल्या फेरीत त्याच्या डाव्या हाताने मारुतीचे नाक फोडले. फेरी संपल्यावर मास्तर त्याच्या कानाशी एवढेच म्हणाले, "खांदा बघ." दुसऱ्या फेरीत डावा हात आला, मारुतीचे डोके बाजूला गेले आणि त्याचा उजवा ठोसा शिपायाच्या हनुवटीवर बसला. पुन्हा तसेच. आणखी एकदा तसेच. शहरातली माणसे उठून ओरडू लागली. शिपायाचे हात खाली आले. तो उभा होता, पण कुठे पाहतो आहे ते त्यालाच कळत नव्हते. पंच त्याच्या पाठीमागे होते. त्यांना त्याचे डोळे दिसत नव्हते. मास्तरांनी "थांब!" म्हणून हाक दिली, ती त्या गोंगाटात विरली. मारुतीने शेवटच्या ठोशासाठी हात मागे घेतला, आणि मास्तरांनी आपल्या बाजूचा टॉवेल रिंगणात फेकला.

ज्याच्या बाजूने टॉवेल पडतो, तो हरला, असा नियम. पंचांनी शिपायाचा हात धरून वर केला. तो हात वर असतानाच शिपाई त्यांच्या अंगावर कोसळला. दवाखान्यात त्याला बऱ्याच वेळाने शुद्ध आली.

शहराने मास्तरांना क्षमा केली नाही. "गोऱ्यांना विकला गेला," असे लोक त्यांच्या तोंडावर म्हणाले. मास्तर ऐकत आणि शाळेत जात. मारुती त्याच संध्याकाळी गावी निघून गेला. तो परत येईना, तेव्हा मास्तर मला घेऊन पाथर्डीच्या गाडीत बसले.

मारुतीने आम्हाला पाणी दिले, पण वर पाहिले नाही. शेवटी म्हणाला, "मास्तर, हातातोंडाशी आल्याला घास तुमी काढला."

"काढला," मास्तर म्हणाले. "उद्या परत येळ आली तर परत काढीन."

"पन का? त्यो कोन लागत हुता तुमचा?"

मास्तरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "बसऱ्याला माझ्यासमोर असंच एक पोरगं हुतं. साताऱ्याकडलं. उभं हुतं, पन डोळं फिरल्यालं. समदी म्हनली, मार. मी मारलं. ते परत उठलंच न्हाई. त्याच्या आईला काय सांगितलं असंल, ह्याचा इचार मी आजून करतो. तुला तो इचार जन्मभर करावा लागू नये, म्हनून टॉवेल टाकला."

मारुती रडू लागला. त्याची आई दारात उभी होती. ती म्हणाली, "माज्या पोराच्या हातनं खून न्हाई झाला, हे लई झालं मास्तर."

"पन माझ्यापायी त्याची नोकरी गेली, आक्का. ती हुडकायचं काम माझं."

नुसते बोलून ते थांबले नाहीत. त्या साहेबांकडे ते पुन्हा पुन्हा गेले. साहेबांनी दाद दिली नाही. मग अकोले तालुक्यातल्या राजूरला शाळेत ड्रिलमास्तर हवा आहे असे कळले. मास्तर डोंगर चढून स्वतः तिथे गेले आणि "माझ्यापरीस चांगला मानूस देतो," असे सांगून मारुतीला ती जागा मिळवून दिली. बहिणींची लग्ने झाली. दोन्ही लग्नांत मास्तर पंगतीला वाढत होते.

तो शिपाई बरा झाल्यावर लिंबाखाली येऊन मास्तरांच्या पाया पडला. "उस्ताद, आपने बचाया," म्हणाला. मास्तरांनी त्याला पार्वतीबाईंच्या हातचे जेवू घातले. पुढे त्याची पलटण गेली. त्याचे काय झाले, ते आम्हाला कळले नाही. मास्तर अजून कधीतरी त्याची आठवण काढतात.

शरीराने बलवान माणसे मी पुष्कळ पाहिली. पण जिंकत असलेला आपला शिष्य, शहराची वाहवा आणि स्वतःची अब्रू हे सारे एका परक्या मुलाच्या जिवासाठी सोडून देणारे मास्तर मला एकच भेटले. त्यांच्या सहवासात राहायला मिळाले, हे माझे भाग्य.

या षष्ट्यब्दीच्या समारंभाला ते राजीच नव्हते. "मी काय केलं?" असे विचारीत होते. आज राजूरहून मारुतीराव आपल्या शाळेतली मुले घेऊन आले आहेत. ती मुले मास्तरांना नमस्कार करतील, तेव्हा त्यांना त्याचे उत्तर मिळावे. त्यांचा गुडघा अलीकडे कुरकुरतो, तो निवळो. पार्वतीबाईंची साथ त्यांना अखंड लाभो. आणि आमची मुले, नातवंडे त्यांच्यासमोर उभी राहून शिकतील, एवढे दीर्घ आणि निरोगी आयुष्य परमेश्वर त्यांना देवो.