सासवत पर्यटन

हिंगोलीहून शिरड शहापूरला जाताना काळीपिवळी जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलो, की मी त्याला काही विचारत नाही. उत्तर देताना तो स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलतो.

कोरोनानंतर हिंगोलीत पर्यटनावर भाषण झालं. वक्ते ‘शाश्वत पर्यटन’ म्हणाले. यानं ऐकलं ‘सासवत’, म्हणजे सासूकडचं.

“बराबर हाय ना, सर! सासुरवाडीत हॉटेल न्हाई, कचरा न्हाई, घरची भाकर, अन् माणूस पुन्हा पुन्हा जातंच. लॉकडाऊनभर आमी तिथंच व्हतो. काई तकलीफ न्हाई.”

मी हसलो, पण यानं औंढ्याला दर्शनाला आलेलं पुण्याचं एक जोडपं खरोखरच शिरडला सासूच्या दारात उतरवलं. जोडपं खूश झालं. सासू तर इतकी खूश झाली, की तिनं त्या पुणेकराला टॉवेल-टोपी केली. जावयाला लॉकडाऊनपासून नुसता काळा चहा मिळत होता.

तेव्हापासून त्याचे हात स्टिअरिंगवरच. काल मात्र भर वळणावर त्यानं दोन्ही हात उचलून मला जोडले.

“सर, तुमची सासुरवाडी कुठं हाय?”